इकोफ्रेंडली ख्रिसमस ट्री दुकानात मिळत नाही

डिसेंबर लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. गणपतीला शाडूचीच मूर्ती आणा म्हणता, दिवाळीला फटाके नकोत म्हणता, होळीला पाणी वाचवा म्हणता, मग तिकडे ख्रिसमसला लाखो झाडं कापतात तेव्हा तुमचे पर्यावरणवाले कुठे जातात, असा सगळा मजकूर आणि खाली रागावलेले इमोजी. मग कोणीतरी अंगठा दाखवतं, कोणीतरी 'प्लीज, धार्मिक पोस्ट नकोत' म्हणतं, आणि ज्यांच्या घरी ख्रिसमस असतो ते बिचारे काहीच बोलत नाहीत. मला हा फॉरवर्ड आवडत नाही, पण त्याला उत्तर द्यायला पाहिजे असं वाटतं, कारण विचारणाऱ्याचा हेतू खवचट असला तरी प्रश्न अगदीच टाकाऊ नाहीये.

आधी झाडं कापण्याचं बघू. अमेरिकेत दरवर्षी अडीच ते तीन कोटी खरी ख्रिसमस ट्री विकली जातात हे खरं आहे, पण ती काही जंगलातून तोडून आणत नाहीत, शेतात लावलेलं पीक असतं ते, सात-आठ-दहा वर्षं वाढवायचं, कापायचं आणि परत रोपं लावायची. आणि मुंबईत तर हा विषयच येत नाही. फर, स्प्रूस ही थंड मुलखातली झाडं, आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा दुपारी अंगाला घाम येतो, इथे कोण कापतंय ती. ज्यांना झाडांचा एवढा कळवळा आहे त्यांनी २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलात रात्रीतून झाडं पाडली तेव्हा आपण ग्रुपवर काय टाकलं होतं ते जरा वर स्क्रोल करून बघावं. (मी बघितलं. गुड मॉर्निंग होतं, गुलाबासकट.)

म्हणजे मुंबईतला प्रश्न कापलेल्या झाडाचा नाही, प्लास्टिकच्या झाडाचा आहे. नोव्हेंबर संपता संपता क्रॉफर्ड मार्केटमध्ये चक्कर मारा, फूटभर उंचीपासून छताला टेकेल एवढ्यापर्यंत हिरवी झाडं दोरीने आवळून उभी केलेली असतात, पांढऱ्या टोकांची, सोनेरी, हल्ली तर गुलाबी पण. एखादं हातात घेऊन नीट बघा. पीव्हीसीच्या पातळ पट्ट्या कातरून लोखंडी तारेत पिळलेल्या, मध्ये पत्र्याचा पाइप, खाली तीन पायांचा स्टँड. पट्टी आणि तार एकमेकांत अशी गुंतलेली की वेगळी करणं कोणाला परवडत नाही, त्यामुळे भंगारवाला पाइप आणि स्टँड घेतो आणि बाकीचं तुमच्याच दारात ठेवून जातो. ते जातं ओल्या कचऱ्याच्या नाहीतर सुक्या कचऱ्याच्या डब्यात आणि तिथून डम्पिंगला. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ सालचं, २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा चेंबूर-गोवंडीच काय, अर्ध्या शहराने तो धूर खाल्ला. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. तुमचं झाड तिथे जळलं नसेलही, पण जायची जागा अशीच कुठली तरी.

मग उपाय काय, तर लगेच लोक म्हणतात इकोफ्रेंडली घ्या. इथेच माझं भांडण आहे. 'घ्या' हाच तर घोटाळा आहे.

ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टने काढलेले आकडे जगभर फिरत असतात. साडेसहा फुटांच्या प्लास्टिकच्या झाडाचा कार्बन साधारण ४० किलो, कापलेलं खरं झाड कचराभूमीत जाऊन कुजलं तर १६ किलो, कारण कुजताना मिथेन निघतो, आणि तेच झाड जाळलं किंवा त्याचा भुसा करून मातीत घातला तर साडेतीन किलोच्या आसपास. यावरून ते लोक सांगतात की प्लास्टिकचं झाड कमीत कमी दहा-बारा वर्षं वापरा, तरच खऱ्या झाडाची बरोबरी होईल. आता आपल्याकडे कापलेलं फर मिळतच नाही, त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी आपल्याला लागू नाही, पण त्यातून एक गोष्ट मात्र कळते, प्लास्टिकच्या झाडाचं सगळं पाप ते बनतं आणि विकलं जातं तेव्हाच होऊन गेलेलं असतं. त्यानंतर तुम्ही ते जितकी वर्षं वापराल तितकं ते पाप वाटलं जातं. म्हणजे तुमच्या माळ्यावर जर जुनं प्लास्टिकचं झाड पडलं असेल, दोन फांद्या वाकल्यात, एक पाय लंगडा आहे, तर आज या शहरात त्याच्यासारखं पर्यावरणाला बरं झाड दुसरं नाही. ते काढा, ओल्या फडक्याने पुसा, पायाखाली पुठ्ठ्याची घडी द्या आणि उभं करा.

हे कोणाला पटत नाही कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. जुनं प्लास्टिक फेकून ऑनलाइन मागवलेलं लाकडी पट्ट्यांचं 'सस्टेनेबल' झाड, तेही बबलरॅपच्या तीन थरांत आणि थर्माकोलच्या कोपऱ्यांत पॅक होऊन आलेलं, त्याचा मात्र फोटो काढता येतो.

बरं, आता जिवंत झाडाकडे येऊ, कारण दुसरा सल्ला हमखास तो असतो, की नर्सरीतून कुंडीतलं खरं झाड आणा. वाईट सल्ला नाही, पण अर्धवट आहे. मुंबईच्या नर्सऱ्यांमध्ये ख्रिसमस ट्री म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं, फांद्यांचे मजले एकावर एक चढत गेलेले, किंवा मग मोरपंखी. मोरपंखीला भरपूर ऊन लागतं, घरात ती टिकत नाही, तिचा विषय इथेच संपला. अरोकेरिया मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेच्या पॅसिफिक बेटांवरचं, नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनिया, कॅप्टन कुकच्या लोकांनी १७७४ साली ही झाडं बघून नोंदवली. बेटावरचं असल्यामुळे दमट आणि खारी हवा त्याला चालते, त्या बाबतीत मुंबई त्याला मानवते. पण हेच झाड मूळ जागी दीडशे फुटांच्या वर जातं हे नर्सरीवाला सांगत नाही. तुम्ही जी गोड तीन फुटी कुंडी टॅक्सीत मांडीवर घेऊन आणता ते एका महावृक्षाचं बाळ असतं. (त्यातल्या कुक पाइनची एक गंमत आहे, ती झाडं वाकडी वाढतात आणि जगात कुठेही असली तरी विषुववृत्ताकडे कलतात, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. २०१७ साली शास्त्रज्ञांनी मोजूनमापून हे छापलंय. त्यामुळे झाड तिरकं झालं म्हणून लगेच माळ्याला झापू नका.)

तर अशी ही रोपं डिसेंबरात आणली जातात आणि त्यातली किती पुढचा डिसेंबर बघतात हे आपापल्या बिल्डिंगच्या जिन्यात बघून घ्या. मे महिन्यात जिन्याच्या वळणावर तपकिरी झालेला सांगाडा उभा असतो, खाली कुंडीला अजून सोनेरी चमकी कागद गुंडाळलेला. हे पण एकदा वापरून फेकलेलंच झालं की नाही? फक्त प्लास्टिकचं नाही एवढंच. आंध्रातल्या कडियमहून नाहीतर पुण्याकडच्या नर्सऱ्यांतून ट्रकने आलेलं रोप, ज्याने दोन-तीन वर्षं माती-पाणी खाल्लं, ते पंधरा दिवस लायटिंग लावून मारून टाकायचं आणि वर आपण खरं झाड आणलं म्हणून मिरवायचं.

आणि मरतं ते कशाने, तर बहुतेक वेळा मायेने. तो चमकी कागद किंवा तळाला भोक नसलेली चिनी मातीची शोभेची कुंडी, त्यात पाणी साठतं, आपण रोज सकाळी आठवणीने तांब्याभर ओततो, मुळं कुजतात, झाड सुकल्यासारखं दिसतं म्हणून आपण आणखी पाणी घालतो. नर्सरीच्या काळ्या पिशवीतला मातीचा गोळा बऱ्याचदा इतका चिकट असतो की वरून कोरडा आणि आतून चिखल. बोट पेराभर आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी, आणि घालाल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, बशीत साठलेलं ओतून द्या. माती बदलताना लाल माती, शेणखत किंवा गांडूळ खत आणि निचऱ्यासाठी विटांचा चुरा नाहीतर जाड रेती, एवढं पुरतं, नुसत्या कोकोपीटमध्ये ठेवू नका, झाड उंच वाढलं की कुंडी हलकी पडते आणि वाऱ्याने आडवी होते. ग्रिलमध्ये ठेवणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं, वरच्या मजल्यावरून कुंडी खाली आली तर पर्यावरणाची चर्चा बाजूला राहील.

घरात आणायचं तर आठ-दहा दिवसच, खिडकीजवळ, एसीच्या झोताखाली अजिबात नाही. एसीची हवा कोरडी, त्याने टोकं करपतात, आणि उजेड कमी पडला की खालच्या मजल्याच्या फांद्या पिवळ्या होऊन गळतात. या झाडाची खोड अशी की गळलेली खालची फांदी परत कधीच येत नाही. शेंडा तुटला तर झाडाचा तो सरळ बांधा पुन्हा येईल याचा भरवसा नाही. आणि आपण नेमकं काय करतो, त्याच शेंड्यावर, त्या करंगळीएवढ्या कोवळ्या कोंबावर, जड स्टार खोचतो! स्टार लावायचाच असेल तर खोडामागे बांबूची बारीक काठी रोवा आणि स्टार काठीला बांधा. फांद्यांवर हलकं काहीतरी, कागदाचं, कापडाचं, लोकरीचं. लायटिंग एलईडीचं, सैल गुंडाळलेलं, लोहार चाळीतून नवीन आणण्याआधी दिवाळीची माळ लावून बघा. तो फवाऱ्याचा खोटा बर्फ आणि चमकी तर मारूच नका, पानांची तोंडं बुजतात, शिवाय चमकी म्हणजे बारीक कापलेलं प्लास्टिकच. युरोपियन युनियनने सुट्या प्लास्टिक चमकीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली, आपल्याकडे ती अजून पाकिटात मिळते आणि झाडूला न जुमानता गणपतीपर्यंत घरात सापडत राहते.

ख्रिसमस झाला की झाड एकदम उन्हात टाकू नका, आधी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या ग्रिलमधून हलवा किंवा हिरवी जाळी लावा, पावसाळ्यात कुंडीखाली दोन विटा द्या म्हणजे पाणी तुंबणार नाही, पांढरा मिलीबग दिसला तर नीमतेल फवारा. दर काही दिवसांनी कुंडी थोडी फिरवा. म्हणजे काय, तर हे झाड एका सणाचं नाही, बारा महिन्यांचं काम आहे, ज्याला हे जमणार असेल त्याने खुशाल आणावं, ज्याच्या घरात तेवढा उजेडच येत नाही त्याने नाही आणलं तर येशू रागवणार नाही.

मग काहीजण उदार होतात, म्हणतात झाड मोठं झालं की सोसायटीच्या आवारात जमिनीत लावून टाकू. कुठे? कंपाउंडची भिंत आणि गटाराच्या मध्ये तीन फुटांची पट्टी असते, तिथे दीडशे फुटी झाडाचं बाळ? त्याने पुढे भिंत ढकलली तर तुम्ही ते मनाने कापू शकत नाही, महाराष्ट्राचा १९७५ चा शहरी वृक्ष संरक्षण कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि लागायलाच पाहिजे. मोकळं मैदान असलेली शाळा, चर्चचं मोठं आवार, गावाकडची वाडी असेल तर ठीक. नाहीतर ते कुंडीतच छाटणीशिवाय, हळूहळू वाढू दे. शेवटी बाहेरून आलेलं झाड ते, इथल्या पक्ष्या-किड्यांना त्याचा फारसा उपयोग नाही, जागा असलीच तर त्यात कडुनिंब नाहीतर करंज लावावा.

आता जी गोष्ट या सगळ्या चर्चेत कोणीच काढत नाही ती. आपल्याकडच्या ख्रिश्चन माणसाचा नाताळ मुळात झाडाभोवती नव्हताच. वसईत जा, उत्तन-गोराईला जा, माझगावच्या मटारपाखाडीत किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीत जा, जीव सगळा गोठ्यात, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यात असतो. आमच्या मजल्यावर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चन समाजातल्या, आंटी राहतात, त्यांना मी एकदा विचारलं, आंटी झाड कधी लावणार, तर म्हणाल्या, "अरे, आधी गोठा, मग टाइम राहिला तर झाड." सेंट फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली गोठ्याचा देखावा मांडला तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात, म्हणजे आठशे वर्षं झाली. झाडाची फॅशन इंग्लंडातच जोरात आली ती व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्टचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली पेपरात छापून आलं तेव्हा. गोठ्याला लागतं काय, भाताचा पेंढा, माती, पोतं, जुनं खोकं. मूर्ती त्याच त्या, कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेल्या, एका मेंढीचा कान उडालेला असतो आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत असतो. हिरवळीसाठी काही घरांत नाचणी किंवा गहू आधीच ताटलीत पेरून ठेवतात, पंचवीस तारखेपर्यंत बोटभर कोंब येतात, अगदी आपण घटस्थापनेला पेरतो तसंच. सगळं झालं की ते कोंब मातीत जातात. याच्याइतकं इकोफ्रेंडली कुठलं स्टार्टअप काढणार आहे?

झाड हवंच असेल तर किनाऱ्यावरच्या गावांत सुरूची फांदी असायची, लांबून पाइनसारखी दिसते. पण आज सगळ्यांनी सुरू तोडायला घेतला तर किनाऱ्याची रेती धरून ठेवणार कोण, त्यामुळे पडलेली फांदी मिळाली तर आणा, कोयता घेऊन जाऊ नका. वसईचा विषय निघालाच आहे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण काढायलाच हवी, उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, त्यांनी हरित वसईसाठी विहिरी, वाड्या, बागा वाचवायला लोकांना रस्त्यावर उतरवलं. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१५ मध्ये पर्यावरणावर अख्खं परिपत्रक काढून वापरा-आणि-फेका वृत्तीवर टीका केली. त्यामुळे फॉरवर्डवाल्यांना वाटतं तसं 'त्यांना कोणी सांगत नाही' हे खरं नाही. त्यांच्यातलेच लोक सांगताहेत, तुमच्याआधीपासून.

माझा रोख खरं तर घरातल्या झाडांवर नाहीच. दोन खोल्यांच्या घरात मुलाला हौस म्हणून कोणी फूटभर प्लास्टिकचं झाड आणलं आणि दरवर्षी तेच लावलं तर मी त्याला काय शहाणपण शिकवणार. रोख आहे ऑफिसांवर, शाळांवर, हॉटेलांवर आणि आमच्यासारख्या सोसायट्यांवर, ज्यांना ख्रिसमसशी तसं घेणंदेणं नसतं, सेल्फीला काहीतरी मागे पाहिजे म्हणून झाड येतं आणि यंदाची थीम वेगळी म्हणून दरवर्षी नवीन येतं. ऑफिसातलं हिरवं झाड गेल्या वर्षीचं, यंदा सिल्व्हर पाहिजे, कारण एचआरने रंग ठरवलाय. शाळेत तर कमाल, मुलांना 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'मध्ये ख्रिसमस ट्री करायला सांगतात आणि आईवडील रात्री नऊला स्टेशनरीच्या दुकानात चकचकीत फोमशीट विकत घ्यायला रांगेत. वेस्ट आधी विकत घ्यायचं आणि मग त्यातून बेस्ट काढायचं. मॉलमधलं उंच झाड निदान डेकोरेटरकडून भाड्याने आलेलं असेल तर ते परत जातं, परत लागतं, मला त्यात काही वाईट दिसत नाही. हाच नियम ऑफिसांनी आणि सोसायट्यांनी का करू नये, की विकत घेऊ नका, भाड्याने आणा, नाहीतर शेजारच्या विंगचं मागून आणा.

कोणी म्हणेल सरकारने बंदी आणावी. महाराष्ट्राने २०१८ च्या मार्चमध्ये थर्माकोलवर बंदी आणली आणि गणपतीची मखरं पुठ्ठ्याची झाली हे खरंय, पण ते झालं कारण मखर दरवर्षी नवीन लागायचं आणि दरवर्षी फेकलं जायचं. झाडावर बंदी आणली तर पहिलं काय होईल, माळ्यावरची सगळी धडधाकट झाडं एका महिन्यात डम्पिंगला जातील. त्यापेक्षा महापालिकेने जानेवारीत, सहा तारखेचा तीन राजांचा सण होऊन नाताळ संपला की, नको असलेली झाडं आणि कुंड्या गोळा करायची सोय वॉर्डात केली तर ज्याला पाहिजे तो तिथून घेऊन जाईल. आणि नर्सरीवाल्यांनी कुंडीवर एक चिठ्ठी लावावी, झाड कोणतं, किती उंच होणार, ऊन किती लागणार. एवढं कळलं तर निम्मे लोक विकत घ्यायच्या आधीच विचार करतील.

आमच्या सोसायटीत मी यंदा लेखी प्रस्ताव दिलाय. नवीन झाड नाही. गेटजवळ कुंडीत जो फायकस कित्येक वर्षं उभा आहे त्यालाच दिवाळीची माळ लावायची, लॉबीत गोठा मांडायचा, आणि डेकोरेशनच्या वर्गणीतून उरतील ते पैसे माळ्याला महिन्याकाठी वाढवून द्यायचे, कारण पाणी तो घालतो, आपण नाही. कमिटीत सगळ्यांना पटलंय असं दिसतंय, फक्त ट्रेझरर म्हणतात की फायकसवर स्टार शोभणार नाही, त्यामुळे तेवढा मुद्दा रविवारच्या मीटिंगला ठेवलाय.